जिन्यावरचे बूट

दुपारचं जेवण उरकलं की हेटी नटल भिंतीतल्या शेगडीपुढच्या खुर्चीत बसायची आणि पाच मिनिटांत तिचा डोळा लागायचा. कान मात्र जागे राहायचे. टक, टक, टक. सून जिना चढली. टक, टक. सून उतरली. बूट घालून. घरात. गालिच्यावरून.

त्या आवाजाच्या तालावर हेटी झोपेत पुन्हा कारखान्यात जायची. आमच्या खोऱ्यात डोंगर, पाऊस आणि सपाता एवढंच पिकतं. हेटीनं एक्केचाळीस वर्षं सपाता शिवल्या. नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, कापताना त्याचा बारीक भुगा हवेत उडायचा. गुलाबी नमदा असेल त्या दिवशी गुलाबी, निळा असेल त्या दिवशी निळा. संध्याकाळी बायका त्याच रंगाचे केस घेऊन पुलावरून घरी जायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, फुलंच चालली आहेत. स्वप्नात तो भुगा अजून पडत होता, हळूहळू, बर्फासारखा, आणि खाली पडेपर्यंत त्याला कसलीच घाई नव्हती.

जाग आली की समोर शेगडीचा पितळी कठडा दिसायचा. कठड्याशी सपाता ऊब घेत ठेवलेल्या. एक जोड हेटीचा. एक तिच्या मुलाचा, डेरिकचा. तो कामावरून आला की दारात बूट काढून सरळ त्यात पाय घालायचा. एक विल्फ्रेडचा. नवऱ्याला जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्याचा जोड उचलायचं तिला सुचलं नव्हतं. आणि त्यांच्या शेजारी एका जोडापुरती मोकळी जागा.

ती जागा लोरीनची, सुनेची.

डेरिक दोन वर्षं अमेरिकेत, कॅन्ससला, कापणीची यंत्रं दुरुस्त करायला गेला होता. येताना हिला घेऊन आला. उंच, मोठ्यानं हसणारी, कामाला वाघीण. चौदा महिने झाले होते. चहात ती बर्फ घालायची. साबणाच्या पाण्यातून काढलेली भांडी पुन्हा स्वच्छ पाण्यानं धुवायची, जणू सासूनं ती धुतलीच नव्हती. मोरीतल्या गरम आणि गार अशा दोन वेगळ्या नळांशी तर तिचं रोजचं भांडण.

"आई, एकाखाली भाजायचं, दुसऱ्याखाली गोठायचं. तुम्ही लोक हात धुता की शिक्षा भोगता?"

"आम्ही पटकन धुतो," हेटी म्हणायची.

हे सगळं हेटीनं हसून सोडून दिलं होतं. पण बूट! लोरीन सकाळी उठल्या उठल्या नाडीचे जाड बूट चढवायची, ते थेट झोपताना काढायची, आणि काढले तरी पलंगाला लागून, तोंडं दाराकडे करून ठेवायची. ती घरात आली त्या आठवड्यातच हेटीनं तिच्यासाठी सपाता शिवल्या होत्या. वाइनच्या रंगाचा लाल नमदा, काठाला पांढरी लोकर. कारखान्यातली रीत होती, नव्या नवरीच्या जोडात कामाच्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकीनं एकेक टाका घालायचा. म्हणून म्हातारी तो जोड घेऊन गावभर फिरली होती, जुन्या मैत्रिणींच्या दारोदार. अकरा जणींचे टाके त्यात होते. लोरीननं तो दोन्ही हातांत धरला, "किती सुंदर!" म्हणाली, खोक्यात घातला आणि खोकं कपाटात ठेवलं. एकदाही पायात घातला नाही.

"मी सांगते तुला," शेजारची ग्लॅडिस मागच्या अंगणाच्या भिंतीवरून म्हणाली. त्या अकरांतली ती एक. "पोरगी निघायच्या तयारीत आहे. राहायला आलेलं माणूस बूट काढतं की नाही?"

"तू आपली वळणीवरची चादर बघ, पाऊस येतोय."

"माझा टाका फुकट गेला, हेटी."

"तुझा टाका तसाही वाकडाच होता," हेटी म्हणाली आणि आत आली. पण ‘निघायच्या तयारीत’ हा शब्द आतपर्यंत बरोबर आला.

त्यात एक निळं पाकीट आलं. विमानानं आलेलं, लोरीनच्या बापाचं. तिनं आतलं पत्र वाचलं, रात्रीच्या जेवणाला डेरिककडे सरकवलं, डेरिकनं वाचून घड्याळामागे खोचलं. दोघं काही बोलले नाहीत. हेटीनंही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही तिची भीती. म्हाताऱ्या बापाला पोरगी जवळ हवी असणार, तिकडे यंत्रंही पुष्कळ, आणि डेरिकचा हात सोन्यासारखा. ते गेले तर हे घर, तो कठडा, आणि दोन जोड सपाता. त्यातलाही एक मेलेल्या माणसाचा.

मंगळवारी उशांचे अभ्रे ठेवायला ती वरच्या खोलीत गेली. कपाटात सपातांचं खोकं होतं, पण रिकामं. मागे सरताना टाच पलंगाखालच्या कशाला तरी लागली. छोटी तपकिरी सूटकेस. हेटीनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या सामानाला हात लावला नव्हता. तिनं कडी उघडली. पासपोर्ट. लग्नाचा कागद. लोरीनच्या आईचा फोटो. आणि सगळ्यांत वर, मऊ कागदात गुंडाळलेल्या, लाल सपाता.

झालं तर मग. बॅग भरलेली आहे.

तिनं कडी लावली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. विचित्र म्हणजे, एवढ्या दुःखातही एक बारीक बरं वाटलं, की पोरगी सपाता टाकून जात नाहीये.

गुरुवारी सकाळपासून वारा. तो डोंगरमाथ्यावरून येतो, गवत लोळवत, आणि गल्लीत शिरला की धुराड्यांतून हुंकारतो. आम्हाला त्याचं काही नाही. दुपारी आभाळाला जुन्या पितळेचा रंग आला. हेटी खुर्चीत होती. डोळा लागला होता, आणि स्वप्नात भुगा आडवा उडत होता, पिवळा, गव्हाच्या रंगाचा, सगळं खोरं भरून. त्या गव्हातून कोणीतरी धावत येत होतं. टक टक टक टक.

तिनं डोळे उघडले. लोरीन जिन्यावरून पळत खाली येत होती. चेहरा पांढरा. हातात तपकिरी सूटकेस.

"निघालीस?" हेटीच्या तोंडून गेलं.

"हो! तुम्हीही चला!"

"मी? मी कुठे येऊ आता या वयात?"

"जिन्याखाली! उठा, आई, लवकर!"

हेटीला कळेना, पण सुनेनं दंड धरला होता आणि पकड अशी की नाही म्हणायची सोय नव्हती. जिन्याखालच्या कोनाड्यात, झाडू आणि गॅसच्या मीटरच्या मध्ये, लोरीननं तिला उलट्या बादलीवर बसवलं. मग स्वतः परत पळत गेली आणि दाराजवळचे हेटीचे बाहेरचे बूट घेऊन आली.

"पाय पुढे करा."

"अगं, घरात बूट?"

"खिडक्या फुटल्या की सगळीकडे काचा असतात. अनवाणी माणूस बाहेर पडू शकत नाही. पाय!"

सून गुडघ्यांवर बसली होती. तिनं सासूच्या सपाता काढल्या, बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या, दोनदा गाठ मारली. वर छपरावरून दगडी कौलाची एक पाटी घसरली आणि अंगणात खळ्ळकन फुटली. लोरीननं हेटीचं डोकं छातीशी दाबून धरलं.

बराच वेळ दोघी अंधारात तशाच. वारा घरावरून जात होता, लांबलचक मालगाडी जावी तसा. मग हेटीचा आवाज सुनेच्या कोपराखालून आला.

"पोरी, इथे नुसता वारा येतो. फार तर ग्लॅडिसची चादर जाते."

"माहीत आहे मला." लोरीन हसली, पण हसू मध्येच तुटलं. "पायांना माहीत नाही. मी नऊ वर्षांची होते. वावटळ आली, घर उचललं. आई तळघरातून वर आली ती अनवाणी, काचांवरून. तेव्हापासून बाबांनी बूट काढूच दिले नाहीत. आणि पेटी भरून ठेवायची, पहिली उचलायची ती. जे गेलं तर परत मिळणार नाही, तेवढंच तिच्यात."

हेटीनं अंधारात सूटकेसवर हात ठेवला. "त्यात सपाता आहेत," ती म्हणाली. "मी बघितल्या. लाज वाटते सांगायला, पण बघितल्या."

"अकरा बायकांचे टाके आहेत त्यात. त्या घालून मी अंडी तळू?"

एकदम, पाण्यात उडी मारावी तसं, हेटीनं विचारून टाकलं. "तुमचं जायचं ठरलं का? त्या पत्राचं?"

"बाबा बोलावतात. मी मागच्याच रविवारी लिहून टाकलं." लोरीननं नाक पुसलं. "लिहिलं, माझी सासू पेटीत मावत नाही."

वारा पडला तेव्हा दोघी बाहेर आल्या. अंगणात एक पाटी फुटली होती आणि ग्लॅडिसची चादर तिसऱ्या घराच्या धुराड्याला लटकत होती. भिंतीपलीकडून ग्लॅडिसचा आरडाओरडा चालला होता.

हेटी खुर्चीत बसली, बुटांसकट. सपातांचं सांगायचं तिच्या मनात होतं, की त्या झिजवायला असतात, हे हात अजून दुसरा जोड शिवू शकतात, आणि अकरांपैकी नऊ जणी अजून आहेत. ते ती बोलली की नुसतं मनात म्हणाली, तिला कळलं नाही. भुगा पडायला लागला होता. या वेळी लाल.

जाग आली तेव्हा घर गप्प होतं. जिन्यावर टक टक नाही. वर नाही, स्वयंपाकघरात नाही. गेली. तिनं ऐकलं ते सगळं झोपेतलंच होतं. ती उठायला गेली आणि पायांकडे नजर गेली. बूट नव्हते. तिच्या स्वतःच्या सपाता होत्या, उबदार, नुकत्याच कठड्याशी शेकलेल्या.

"आई, चहा."

लोरीन तिच्या खांद्याशी उभी होती. आली कधी ते ऐकूच आलं नव्हतं. पायांत लाल नमदा, पांढरी लोकर. ती गालिच्यावर अशी जपून उभी होती, जणू गोठलेल्या तळ्यावर उभी आहे.

"घट्ट होतात का?" हेटीनं विचारलं.

"डाव्या पायाला एक टाका टोचतोय."

"तो ग्लॅडिसचा." हेटीनं कप घेतला आणि आत डोकावून बघितलं. "बर्फ नाही ना घातलास?"