नव्या तक्त्यावरची ओळ

नवा कायदा लागू झाल्यापासून तपासणीच्या खुर्चीत बसणारा माणूस चष्मेवाल्याचे निव्वळ गिऱ्हाईक राहिला नव्हता. वाहन चालवणाऱ्या कुणाची नजर ठरलेल्या पातळीखाली आढळली, तर तपासणाऱ्याने ते परिवहन कार्यालयाला कळवायचे. न कळवल्यास तपासणाऱ्याचाच परवाना रद्द, आणि कळवल्यावरही त्या माणसाला गाडीवर ठेवणाऱ्या मालकाला दंड. व्यवसायबंधूंच्या सभेत या कलमाची बाजू सर्वांत हिरिरीने मांडली होती ती चष्मेवाल्यानेच. "दुसऱ्यांचे डोळे तपासायचे आणि आपले मिटून घ्यायचे, हा कसला धंदा?" असे विचारून त्याने टाळ्या मिळवल्या होत्या.

आज त्या खुर्चीत त्याचा थोरला भाऊ बसला होता. दादा शाळेची बस चालवत असे.

"आधीच सांगतो दादा, नजर कमी भरली तर मला कळवावं लागेल."

"अरे, काचा बदलून दे म्हटलं, तर लागला भाषण ठोकायला! कर सुरू."

खोली लहान असल्यामुळे उलट्या छापलेल्या अक्षरांचा तक्ता खुर्चीमागे टांगलेला असे आणि तो समोरच्या आरशात वाचायचा. दुकान थाटले तेव्हा तक्ता आणि आरसा दादानेच खिळे ठोकून बसवले होते. कोन जुळेपर्यंत त्याने ती अक्षरे इतक्या वेळा मोठ्याने वाचली, की त्याला ती तोंडपाठ झाली. पुढे तक्ता पिवळा पडला आणि चष्मेवाल्याने नवा लावला. वरच्या मोठ्या ओळी त्याच होत्या, खालच्या वेगळ्या.

वरच्या ओळी दादाने सावकाश वाचल्या. खाली येताच तो क्षणभर अडखळला, मग घडाघडा म्हणू लागला, "न, ल, ग, प, स..."

ती जुन्या तक्त्यावरची ओळ होती. चष्मेवाल्याने एकामागून एक काचा बदलल्या. दादाचे पाठांतर बदलले नाही.

"दादा, तक्ता नवा आहे."

दादा आरशाकडेच पाहत म्हणाला, "मला बोलवायचंस की. मी लावून दिला असता." मग म्हणाला, "हे बघ, मला सांगितलंस ना? झालं. उद्या मीच मालकाकडे किल्ली देतो."

"तुला सांगून आता भागत नाही."

"म्हणजे मी आपण होऊन सोडायचीही सोय ठेवली नाहीस?"

"त्या बसमध्ये पोरं असतात, दादा."

"मला सांगतोस? एकेकाला नावानं ओळखतो मी."

"आवाजावरून ओळखतोस," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याने जीभ चावली. दादा उठला. उंबऱ्याशी त्याने पायाने पायरी चाचपली आणि मागे न पाहता तो उतरून गेला.

चष्मेवाल्याने कळवले. आपण होऊन किल्ली दिली असती, तर मालकाने दादाला निदान गॅरेजात कुठेतरी सामावून घेतले असते. सरकारी आदेश आल्यावर त्याने त्याला फाटकातही उभे केले नाही. वहिनी दुकान टाळून पलीकडच्या कडेने जाऊ लागली. कायदा चुकीचा होता असे चष्मेवाल्याला तेव्हाही वाटले नाही, आणि हेच त्याला अधिक जाचत होते. दादाची बातमी मात्र गावभर झाली, आणि चालक मंडळी चष्मेवाल्याकडे फिरकेनाशी झाली.

एका सकाळी तीच बस दुकानासमोर थांबली. नवा चालक उतरला. खिडक्यांतून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"साहेब, लांबचा एखादा तयार चष्मा द्या. पाट्या जरा धूसर दिसतात."

"बसा, तपासतो."

"नको रे बाबा! तुम्ही सख्ख्या भावाला सोडलं नाहीत. मला कोण विचारतो?"

"तपासल्याशिवाय चष्मा मिळणार नाही."

"मग राहू द्या. आजवर काय अडलंय?"

चष्मेवाला त्याच्यामागे दारापर्यंत धावला. "अहो, थांबा! कळवणार नाही, नुसतं बसा!"

चालक हसला. "दादांनाही असंच बसवलं असेल."

बस निघाली. चष्मेवाल्याने परिवहन कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही तपासलंय का त्यांना?"

"नाही."

"मग तुमची काहीच जबाबदारी नाही, साहेब," कारकून दिलासा देत म्हणाला. "तुमचा परवाना सुरक्षित आहे."