आमोसने जपलेली मिल

"आमोसदादा, नक्की ना? खडी फोडायच्या कामावर एक खाडा झाला तरी मुकादम नाव खोडतो. ह्या दुष्काळात दुसरं काम कुटं हाय?" राहीबाई दारातच उभी राहून विचारत होती.

"मालकाच्या पोरानं सोता निरोप धाडलाय," आमोस म्हणाले. "उद्या समदी मशिनं चालवून दाखवायची. मिल सुरू करायची नसंल, तर कोन कशाला चालवील? मी सांगतो ना."

मी चुलीपाशी होते. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, कारण नाव घेतल्याशिवाय माझा राग पुरता निघत नाही. तर हे आमोस, श्रीरामपूरच्या जुन्या जिनिंग मिलचे फिटर. मिल इंग्रजांच्या काळातली. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर आम्ही बाया बसायचो, राहीबाई आणि मी शेजारीशेजारी. चार वर्षांपूर्वी मिल बंद पडली, मालक मुंबईला गेले आणि किल्ली आमच्या घरी राहिली. तेव्हापासून हा माणूस दर शनिवारी बिनपगारी जायचा, एकेका यंत्राला तेल द्यायचा, चाकं हातानं फिरवून बघायचा. इकडे कंदिलात घालायला रॉकेल नाही, आणि तिकडे यांचं तेलपाणी चाललेलं. बोललं की हसायचे. म्हणायचे, "लाजर चौथ्या दिवशी उठला, आपली मिल चौथ्या वर्षी उठंल."

"लाजराला येशूनं उठवलं होतं, फिटरनं नाही," असं मी कितीदा सुनावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या आठ बाया खडी सोडून मिलमध्ये आल्या. मी धरून आठ. मालकाच्या मुलानं, धाकट्या शेठनी, कापसाची पोती पाठवली होती. आमोसनी इंजिन लावलं, पट्टे फिरायला लागले आणि सरकी खाली, रुई पुढे अशी पडायला लागली. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला माझाही राग गेला. डोळ्यांत पाणी आलं. राहीबाईच्या केसांवर रुईचे तंतू बसले होते, तरी तीच मला म्हणाली, "हन्नाबाई, लई म्हातारी दिसाया लागलीस गं." आम्ही दोघी पोटभर हसलो.

धाकट्या शेठबरोबर दोन पाहुणे होते. ते प्रत्येक यंत्रापाशी वाकायचे, कान लावून ऐकायचे आणि एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. आमोसची छाती फुगली होती. यंत्रं थांबली तसे ते हात पुसत पुढे झाले.

"शेठ, बायांना सोमवारपासून बोलवू का?"

धाकटे शेठ हसले. कुत्सित हसले नाहीत, भल्या माणसासारखे हसले, आणि मला तेच जास्त लागलं. "अहो आमोस, ही यंत्रं खानदेशात चाललीत. पाहुणे त्यासाठीच आलेत. गंजलेली असती तर भंगारवाल्याशिवाय कुणी फिरकलं नसतं आणि भांडवलाअभावी मीही या जागेचा नाद सोडला असता. तुमचेच उपकार म्हणायचे."

"आन् मिल?"

"मिलचं आता नशीब उघडतंय. भिंती, छप्पर आहे तेच ठेवायचं. आत टॉकीज, रस्त्याच्या अंगाला दुकानं. हा सगळा भाग सुधारेल बघा. यंत्रं खोलायचं काम तुम्हीच करा. हमाल तुमच्या ओळखीचे आणा."

बायांनी सगळं ऐकलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलं नाही. पदर झटकून एकेक निघून गेली. सकाळी आम्ही खडीवर गेलो, तर मुकादमानं आमच्या जागी दुसऱ्या बाया बसवल्या होत्या. आठही नावं खोडलेली.

घरी येऊन मी आमोसना म्हणाले, "तुम्ही खोलायला जायचं नाही. आणू दे त्यांना बाहेरचा फिटर."

"बाहेरचा मानूस मोडून ठिवील गं."

"मोडू द्या की. तुमचं काय जातंय आता?"

त्यांनी पान्हा घेतला आणि गेले. असल्या माणसाशी भांडून तरी काय मिळणार?

नटबोल्ट चिंध्यांत बांधले, कुठला भाग कुठे बसतो त्याच्या खडूनं खुणा केल्या, लेकीची पाठवणी करावी तसं सगळं त्यांनी एकट्यानं आवरलं. हमाल मात्र मिळेनात; खडीवरचा खाडा कुणाला परवडणार? शेवटी त्याच बाया आल्या. पोटाला विचारून कोण रुसतं?

राहीबाई डोक्यावर चुंबळ ठेवून आमोसपुढे उभी राहिली. "दादा, तुमी गंजू दिलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मेलेली मिल निदान आपली तरी हुती. माजी खडीबी ऱ्हायली असती." आमोस रुळाला बांधलेली चिंधी घट्ट करू लागले. "घ्या, हात लावा," ती म्हणाली.

आमोसनी लोखंडी रूळ उचलून तिच्या डोक्यावर दिला. ती ट्रककडे गेली. मग दुसरी आली, तिसरी आली.

शेवटी मी चुंबळ सारखी केली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हन्ना, तू नगं," ते म्हणाले.

"हात लावा," मी म्हणाले.

त्यांनी लावला.