चाळीस दिवसांचा गाळ

मित्रांनो, ज्या भांड्याला स्वतःच्या आधाराने उभे राहता येत नाही, असे भांडे मी आहे. माझे पोट गोल आहे, म्हणून मला नेहमी गवताच्या चुंबळीवर बसवावे लागते. पोटावर लांब मान, मानेला एक कान आणि बाजूला बारीक तोटी. आमच्याकडे मला जेबेना म्हणतात. माझ्यात कॉफी उकळतात. दुसरे काही उकळत नाहीत.

देस्से गावाच्या वरच्या अंगाला, जिथे वारा कधीच थांबत नाही, तिथल्या एका कुंभारणीने मला घडवले. तिला चाक नव्हते. गुडघ्यांमध्ये धरून तिने माझे पोट वळवले, नदीतल्या गोट्याने ते घासून गुळगुळीत केले आणि शेणी-काटक्यांच्या आगीत मला भाजून काळे केले. सोमवारच्या बाजारात आम्ही तीसएक जणी पोत्यावर ओळीने बसलो होतो. इताफराहू आली. तिने बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिले, माझ्या मानेत नाक घालून वास घेतला, तोटीतून फुंकर मारली. मग कुंभारणीला म्हणाली, "ही जरा वाकडी आहे."

"वाकडी आहे म्हणून स्वस्त आहे," कुंभारीण म्हणाली.

"दे मग. मीही वाकडीच आहे."

तेव्हा ती नुकतीच विधवा झाली होती आणि तिची मुलगी सेनाइत रांगत होती.

इताफराहूच्या घरी पैसा बेताचा होता, पण कॉफी कधी पाणचट नव्हती. ती बाजारातून हिरव्या कच्च्या बिया आणी, त्याही फुटक्या, कारण फुटक्या स्वस्त मिळतात. सुपात पाखडून खडे काढी, बिया धुई, लोखंडी तव्यावर हलवत भाजी आणि खलबत्त्यात कुटी. रोज लागेल तेवढेच कुटायचे, आदल्या दिवशी कुटलेले चालत नसे. एका मुठीच्या कॉफीत तीन वेळा पाणी पडे. पहिल्या उकळीला अबोल म्हणतात, ती दाट. दुसरी तोना, ती मध्यम. तिसरी बरका, ती फिकी असते, पण आशीर्वाद तिच्यातच असतो. बरका न घेता उठून गेलेला माणूस अर्ध्या जेवणावरून उठल्यासारखा. दारामागे सतापीचे झुडूप होते. त्याची एक काडी पेल्यात बुडवली की फुटक्या बियांची कॉफीही मोठ्या घरच्यासारखी लागे.

एकटीने कॉफी प्यायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून तीन घरांनी पाळी लावून घेतली होती. एक दिवस इताफराहूकडे, दुसऱ्या दिवशी तोयबाकडे, तिसऱ्या दिवशी अरेगाशकडे. तोयबा वयाने सगळ्यांत मोठी, नमाजी. सगळी गल्ली तिला एमामा म्हणे, आजीला म्हणतात तसे. अरेगाश हॉटेलांच्या चादरी धुई आणि गल्लीभर बोलत असे. तिघी रोज कॉफी पीत, पण बिया प्रत्येकीच्या तिसऱ्या दिवशीच खर्ची पडत. गरिबाघरी रोज चांगली कॉफी होते ती अशी.

येणारे-जाणारे कॉफीची वाखाणणी करत. इताफराहू म्हणे, "माझं काही नाही, जेबेना जुनी आहे." हे ऐकायला मला आवडे. मातीला जीभ नसली तरी माती पिते. तीस-बत्तीस वर्षांची कॉफी माझ्या अंगात मुरली होती.

सेनाइत शिकली, त्याच गावच्या शाळेत भूगोल शिकवू लागली, लग्नाच्या गोष्टी टाळत राहिली. कॉफी मात्र तिने कधी केली नाही. तिची घाई असे. सकाळी बसथांब्याजवळच्या दुकानात उभ्याउभ्या दुधाची कॉफी पिई. तोयबा तिला टोमणा मारी, "तिथल्या एका पेल्याच्या पैशांत आमच्या तिघींची संध्याकाळ होते, मास्तरीण." सेनाइत हसे आणि वह्या तपासत बसे. आई आहे तोवर पाळी आईचीच, हे कुणी बोलून दाखवले नव्हते.

थंडीत एका मंगळवारी इताफराहूची पाळी होती. तिने तिन्ही उकळ्या केल्या, आशीर्वाद झाले, बायका गेल्या. ती म्हणाली, "हिला सकाळी धुईन." आणि मला चुंबळीवर ठेवले. पोटात बरकाचा गाळ तसाच होता. सकाळी ती उठली नाही.

पुढचे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी कोपऱ्यात होते. दारापुढे तंबू पडला. मयताच्या घरी मदत करणाऱ्या गल्लीतल्या मंडळाची मोठी ॲल्युमिनियमची भांडी आली, चुली पेटल्या, शेकडो पेले भरले आणि रिकामे झाले. शोकाच्या घरात घरची जेबेना वापरत नाहीत, शेजारी आणतात. तोयबा आणि अरेगाश आळीपाळीने कॉफी घेऊन आल्या. सेनाइत भिंतीला टेकून बसे, हातात दिलेला पेला पिई आणि खाली ठेवी. गोड की कडू, गरम की गार, काही बोलत नसे. रडतही नसे. दहाव्या दिवशी ती शाळेत जाऊ लागली. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. मला तसे वाटले नाही. ती घरात फिरे तेव्हा पावलांचा आवाज होई, बस.

रोज एकदा ती मला उचली. आपल्या कानाशी धरून हलकेच हलवी. आतला गाळ सुरुवातीला ओला होता, मग घट्ट झाला, मग हलेनासा झाला. ती मला परत ठेवी. तो गाळ तिच्या आईच्या हातचा शेवटचा होता, म्हणून ती तो काढत नाही, हे मला कळत होते. पण मित्रांनो, गाळाला हे कळत नाही. त्याला बुरशी आली. आधी पांढरी, मग हिरवी. माझ्या मानेतून वास येऊ लागला.

चाळिसावा दिवस झाला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, जेवण झाले, लोक घरी गेले. त्या संध्याकाळी सेनाइत राजधानीत, अदिसमध्ये, राहणाऱ्या थोरल्या भावाशी फोनवर बोलत होती. "पाळीतून मला काढा म्हणून सांगणार आहे. रविवारी एकदा दोघींना बोलावते, नीट कॉफी पाजते आणि सांगते. मला नाही जमणार, दादा. मला आता कशाचीच चव लागत नाही, लोकांना काय पाजू?" ती थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही, वाईट नाही वाटत. काहीच नाही वाटत."

तिसरे घर पाळीतून निघणार होते आणि माझे कामही संपणार होते.

रविवारी सकाळी तिने गाळ खरवडून काढला. लाकडी चमच्याच्या दांड्याने, बराच वेळ. मग माझ्यात नाक घातले, दूर झाली आणि कपड्यांच्या साबणाची पूड घेतली. कढत पाण्यात पूड घालून ते माझ्यात ओतले, चिंधी पिळून मानेतून आत घातली आणि घासले. तीन वेळा. शेवटच्या निरोपाची कॉफी स्वच्छ भांड्यातून जावी असे तिला वाटले असेल. आईने तिला कधी सांगितले नव्हते, कारण आई स्वतःच धुई: जेबेनेला नुसते पाणी. मातीला साबण दाखवला की माती तो सोडत नाही. माझ्या अंगातली तीस वर्षांची कॉफी फेस होऊन मोरीत गेली आणि तिच्या जागी साबण बसला.

दुपारी दोघी आल्या. सेनाइतने बिया भाजल्या आणि आई करी तसाच धूर निघणारा तवा दोघींपुढे फिरवला. तोयबाने हाताने धूर नाकाकडे ओढला.

"काळ्या केल्यास गं जरा. पण शाळेतून शिकून आलेल्या बाईला एवढं माफ."

"एमामा, तुम्ही बसा तरी आधी," सेनाइत म्हणाली.

अबोल झाली. माझ्या तोंडाशी नेहमीपेक्षा जास्त फेस आला. सेनाइतने तो पाहिला आणि तोटी वाकवली. मी थांबवू शकत असते तर थांबवले असते. अरेगाशने पहिला घोट घेतला आणि तिच्या भुवया कपाळात गेल्या. ती तोंड उघडणार तेवढ्यात तोयबाने आपले पाऊल तिच्या पावलावर ठेवले.

"साखर घाल मला," तोयबा म्हणाली.

"तुम्ही कधीपासून साखर घेता?"

"आजपासून. म्हातारपणाचे लाड."

सेनाइतने साखर दिली आणि स्वतःचा पेला प्याली. चेहऱ्यावर काही उमटले नाही. दोघी तिच्याकडे बघत होत्या. तिने पेला ठेवला आणि माझ्यात दुसरे पाणी घातले.

तोना झाली. आता कॉफी पातळ आणि साबण तेवढाच. अरेगाशने डोळे मिटून एका दमात पेला संपवला, औषध घ्यावे तसा. मग तिच्याने राहवेना.

"सेनाइत, खरं सांग. परवा मी आणलेली कॉफी कशी होती?"

"चांगली होती."

"चांगली?" तोयबा म्हणाली. "अर्धे जव होते त्यात. गाढवाला पाजली असती तर त्याने दोन शिंगरांना बोलावून आणलं असतं."

"मग काय करू, एमामा? दोन घरांत दिवसाआड पाळी येते. माझ्या अंगणात काय कॉफीचं झाड आहे? दोन आठवडे झाले, मी जव भाजून मिसळते. आणि तुमची तरी कुठे दाट असते? काल पेल्याचा तळ दिसत होता."

"दिसला तर दिसला. तळ बघायला पैसे पडत नाहीत."

सेनाइतचा हात माझ्या कानावर होता. तो थांबला.

"दोन आठवडे?" ती म्हणाली.

"पंधरा दिवस धर."

"मला कळलं नाही."

माझा कान सोडून सेनाइत म्हणाली, "मला तुम्हांला एक सांगायचं होतं."

"बरका होऊ दे," तोयबा म्हणाली. "अर्ध्यातून बोलू नये."

तिने तिसरे पाणी घातले. ते उकळले तेव्हा त्यात कॉफीचा रंग जेमतेम होता. तिने तीन पेले भरले. तोयबा आणि अरेगाश यांनी पेले उचलले, ओठांशी नेले आणि त्या प्यायल्या. सेनाइत प्यायली.

तिने घोट गिळला नाही. तो तोंडात धरून ठेवला. मग गिळला आणि पेल्यात बघितले. पुन्हा एक लहान घोट घेतला.

"हे काय आहे?"

"साबण," तोयबा म्हणाली.

"पहिल्या पेल्यापासून?"

"पहिल्या पेल्यापासून."

"आणि तुम्ही तिन्ही प्यायलात?"

"मी तर सांगणार होते," अरेगाश म्हणाली. "हिने माझा पाय चेचला. उद्या चादरी धुताना तोंडातूनच फेस काढीन, पुडीची गरज नाही."

"तू कपाळाला आठी न घालता दोन पेले प्यालीस," तोयबा सेनाइतला म्हणाली. "चाळीस दिवस बघतेय मी. मीठ दिलं तरी पिशील आणि साखर दिली तरी पिशील. म्हटलं, तिसऱ्यापर्यंत थांबू. लागली तर लागली चव."

सेनाइतने पेला दोन्ही हातांत धरला. "फारच वाईट आहे," ती म्हणाली.

"फारच," तोयबा म्हणाली.

"आत आईचा गाळ होता. मी टाकला नव्हता. आज काढला, म्हणून साबण लावला." तिने पेला खाली ठेवला. "सगळा हिरवा झाला होता."

"कुठे टाकलास?"

"मागे. सतापीच्या बुडाशी."

"रोज तिथेच टाकायची ती," तोयबा म्हणाली. मग तिने दोन्ही तळवे वर केले आणि बरकाचा आशीर्वाद दिला: या घरातला विस्तव विझू नये, दारातून येणाऱ्याने उपाशी जाऊ नये, गेलेलीला जागा मिळो. अरेगाश "आमेन" म्हणाली. सेनाइतही म्हणाली, थोडी उशिरा. तिचे डोळे आणि नाक वाहत होते आणि तिने ते पुसले नाही.

"हं, काय सांगायचं होतं?" अरेगाशने विचारले.

सेनाइतने मला उचलून नीट चुंबळीवर बसवले.

"बुधवारी माझी पाळी येते," ती म्हणाली. "पण बुधवारी शाळा उशिरा सुटते. शेगडी पेटायला वेळ लागेल."

"किल्ली माझ्याकडे ठेव," तोयबा म्हणाली. "निखारे मी करून ठेवीन. आणि या बिचारीला कोंड्याचं पाणी घालून उकळ, रोज, बुधवारपर्यंत. साबण नको दाखवूस पुन्हा."

तिने तसे केले. तरी साबण पुरता गेला नाही. त्या बुधवारी थोडा होता, पुढच्या पाळीला त्याहून थोडा. तिघी नाके मुरडून पीत राहिल्या आणि सेनाइत सगळ्यांत जास्त मुरडी. अरेगाशच्या कॉफीतले जव कमी झाले, कारण पाळी पुन्हा तिसऱ्या दिवसावर गेली. सेनाइत अजून पुष्कळदा भिंतीला टेकून गप्प बसते. शाळेतून येते, मूठभर बिया पाखडते, भाजते, आणि बसते. कधी बिया करपतात.

मित्रांनो, चांगल्या कॉफीला फार पैसे लागत नाहीत, एवढे मी पाहिले आहे. फुटक्या बिया चालतात, ताज्या भाजलेल्या आणि ताज्या कुटलेल्या असल्या म्हणजे झाले. पाळी वाटून घ्यायला दोन शेजारी असावेत. आणि तुमच्या घरी मातीचे भांडे असेल तर त्याला साबण लावू नका, नुसत्या पाण्याने धुवा, आणि वापराल त्याच दिवशी धुवा. आतला गाळ आपल्या कितीही प्रिय माणसाच्या हातचा असला, तरी तो ठेवून देऊ नका. झाडाला घाला. भांडे मोकळे लागते.