डाव्या काखेतली छडी

मी एका कर्नलची छडी बोलतेय. हातभर लांब, काळ्या लाकडाची, टोकाला रिकाम्या काडतुसाचं पितळ. कुमासी शहरातल्या लष्करी छावणीबाहेर बसणाऱ्या ज्या सुताराने मला घडवलं, तो मला हातात तोलून म्हणाला, "झालं साहेबांचं शेपूट तयार." मला त्याचा फार राग आला होता.

मग मी तरुण लेफ्टनंट एबो एसिलफींच्या डाव्या काखेत गेले आणि ते कर्नल होऊन निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. सैन्यात छडी डाव्या काखेतच धरतात, म्हणजे उजवा हात सलामाला मोकळा राहतो. साहेबांनी तोंड उघडण्याआधी मी हलायचे. मी काखेतून निघाले की रांग ताठ व्हायची, मी उंच गेले की माणसं पुढे सुटायची. सार्जंट अतिंगा तर साहेबांच्या तोंडाकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघायचा.

निवृत्तीनंतर कर्नल आपल्या गावी, समुद्रकाठच्या एसुआनोला परतले. पक्षातल्या म्हाताऱ्यांनी लगेच त्यांना निवडणुकीला उभं केलं. उंच माणूस, मोठा आवाज, कडक शिस्त. त्यांना एवढं पुरेसं वाटलं. या माणसाला विनंती करता येते का, हे एकानेही विचारलं नाही. म्हातारे असले प्रश्न विचारत नाहीत. ते खुर्चीत बसून माना हलवतात.

पहिली सभा मासळीबाजारात झाली. तिथली मुखिया नाना एफुआ बोत्वे. मासळी धुरावर भाजून भाजून तिची बोटं काळी पडलेली. बायका तिला बाजाराची राणी म्हणतात आणि तिचा शब्द मोडत नाहीत. कर्नलनी सवयीने मला डाव्या हातात घेतलं, तिच्याकडे रोखलं आणि म्हणाले, "बोला, काय मागणी आहे तुमची?"

सगळ्या सुऱ्या थांबल्या. एसुआनोत डाव्या हाताने कुणी कुणाला मिठाचा खडा देत नाही, रस्तासुद्धा दाखवत नाही. आणि हा माणूस राणीवर डावा हात रोखून मत मागत होता. कर्नलना हे ठाऊक नव्हतं असं नाही, ते याच गावचे. पण इतक्या वर्षांत तो हात त्यांचा राहिलाच नव्हता, माझा झाला होता.

नाना बोत्वे शांतपणे म्हणाली, "मागणी एकच. आधी तो हात धुऊन ये."

बायका हसल्या. त्या हसण्याने कर्नलची काख माझ्याभोवती आवळली.

माफीची रीत गावात ठरलेली आहे. चपला काढायच्या, खांद्यावरचं वस्त्र उतरवायचं आणि सर्वांसमोर बोलायचं. पक्षाच्या म्हाताऱ्यांनी त्याऐवजी जिन दारूच्या दोन बाटल्या पाठवल्या. बाटल्या तशाच परत आल्या. निरोप होता की पिणारे नवरे आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

कर्नलची मुलगी आराबा कायदा शिकत होती. ती भडकली. "बाबा, तुम्ही स्वतः जा."

"मी राष्ट्राध्यक्षांसमोरही बूट काढले नाहीत."

"त्यांना डावा हात दाखवला होता का?"

म्हातारे म्हणाले, पोरींनी यात पडू नये. आराबा म्हणाली, तुम्ही पडलात म्हणून तर बाटल्या परत आल्या. कर्नलनी मला काखेत घेतलं. गेले मात्र नाहीत.

मतदान बाजाराला लागून असलेल्या शाळेत झालं. मोजणीवर लक्ष ठेवायला वडिलांच्या बाजूने आराबा आत बसली. मोजणी सुरू होते न होते तोच बाजारात बातमी पसरली की कर्नलचे जुने शिपाई मतपेट्या पळवायला येतायत. बातमी खोटी होती. पण ज्याने साधी माफी मागितली नाही, त्याच्याबद्दल लोक काहीही खरं मानतात. बायका उठल्या आणि शाळेच्या फाटकात मांडीला मांडी लावून बसल्या, मासे कापायच्या सुऱ्या समोर ठेवून. ते पाहून कुणीतरी धावत जाऊन, साहेबांच्या प्रचाराला जुने शिपाई घेऊन आलेल्या अतिंगाला सांगितलं की साहेबांच्या मुलीला आत कोंडलंय. मग मात्र शिपाई खरंच आले. ट्रक भरून, दंडुके घेऊन.

कर्नल पोचले तेव्हा दोन्हीकडच्या माणसांत एका बैलगाडीएवढीही जागा उरली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या अंगावर गावच्या पद्धतीचं मोठं वस्त्र होतं, डाव्या खांद्यावर टाकलेलं. आराबाने सकाळी हट्टाने नेसवलं होतं. मी त्याच्या घडीत, नेहमीच्या जागी.

अतिंगा ओरडला नाही. तो फक्त माझ्याकडे बघू लागला. त्याच्यामागे सगळे माझ्याकडेच बघत होते. फाटकातली एक तरणी बाई सुरीची मूठ चाचपत होती.

कर्नलच्या काखेत घाम सुटला होता. "थांबा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मला कळलं की डावा हात आपोआप सैल होतोय. शब्दाआधी मी निघणार होते. मी वर गेले असते तर शिपाई सुटले असते, मागून आलेला शब्द कुणाला ऐकू आला नसता. आराबा त्या फाटकाच्या आत होती.

हात अर्ध्यावर थांबला. काख पुन्हा मिटली. कर्नल तसेच चालत नाना बोत्वेसमोर गेले. एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल ढकलली, मग दुसरी. आता उरला खांदा. खांदा उघडा करायचा तर डावा हात वस्त्रातून बाहेर काढावा लागतो, आणि तो काढला की काखेत काहीच टिकत नाही.

त्यांनी हात काढला. मी दगडावर पडले. पितळ खणकलं.

असा हुकूम अतिंगाने कधी पाहिला नव्हता. त्याला काय करावं कळेना.

"नाना," कर्नल म्हणाले, "मी तुमच्यावर डावा हात उगारला. माझं चुकलं."

"मोठ्याने बोल रे कर्नल. धुराने आमचे कान गेलेत."

त्यांनी पुन्हा सांगितलं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. आवाज फाटला.

नाना बोत्वेने त्यांच्या अनवाणी पायांकडे आणि उघड्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझी पोर आत बसून आमची मक्याची केंके आणि मासळी खातेय. कुणी कोंडलं नाही तिला. मोजणी संपेपर्यंत आम्ही इथून उठणार नाही. बसायचं तर बस, जमिनीवर."

"साहेब, हुकूम?" अतिंगाने विचारलं.

"दंडुके ट्रकमध्ये टाक. मग वाटलं तर तूही बस."

त्या निवडणुकीत कर्नल हरले. पुढच्या वेळी जिंकले, तेव्हा मी सोबत नव्हते. मी नाना बोत्वेच्या भट्टीपाशी राहते. तिने मला त्या दिवशी उजव्या हाताने उचललं आणि आता मला घेऊन ती वाळत घातलेल्या मासळीवरच्या बकऱ्या हाकलते. पितळ धुराने काळं झालंय. बकऱ्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहत नाहीत, एखादी मलाच चावून बघते.

कर्नल आता खासदार आहेत. बाजारच्या दिवशी येतात, भट्टीसमोर उकिडवे बसतात, बायकांच्या शिव्या ऐकून घेतात. जाताना माझ्याकडे एकदा बघतातच. तेव्हा त्यांची डावी काख किंचित उघडते. माझ्या पितळालाही ते जाणवतं.

नाना आता म्हातारी झालीय. तिच्यानंतर जी कुणी या भट्टीवर बसेल तिला माझं सांगणं आहे. कर्नल भला माणूस आहे. त्याने गोड बोलून मागितलं तरी मला देऊ नकोस.