ऐंशी सालच्या तारखेची पत्रं

"अरे ओमप्रकाश, पाह्य ना बापा! पोरगा म्हणते एकही चिठ्ठी नाही भेटली. मग मी इथं बसून काय झक मारून राहिलो होतो का?"

सुपेला बाजारातल्या कम्प्युटरच्या दुकानात नरहरी बोबडे जवळपास ओरडलेच. पडद्यावर प्रफुलचा अमेरिकेहून आलेला मेल होता: 'बाबा, रागावले का? दिवाळीपासून तुमची ओळ नाही. म्हणून मीही लिहिलं नाही.' बापलेक एकाच माळेचे मणी. फोन करायला दोघांचाही मानपान आडवा आला होता. नरहरींच्या बायकोनं, विजयाबाईंनी तर सारा दोष सुनेच्या माथी मारून टाकला होता.

दुकानदार ओमप्रकाशनं पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काका, याची अंदरची बॅटरी बसली. बंद केला का हा पुन्हा एक जानेवारी ऐंशीत जाते. तुमचे सारे मेल त्याच तारखेनं गेले. तिकडं तारखेनं लाइन लागते ना, तं ते पार खाली दबले असतील."

"आन् मले वाटलं, पोरगाच बदलला."

ओमप्रकाशनं बॅटरी बदलली, तारीख जागेवर आली. नरहरींनी लिहिलं, 'बेटा, अगदी तळाशी पाहा.'

पण त्यांचं मन ऐंशी सालातच घुटमळलं. तेव्हा सेक्टर सहातल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये चार वर्षांचा प्रफुल कारखान्याचा भोंगा वाजला की धावत यायचा, आणि ड्यूटीवरून आलेले नरहरी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून पाण्याच्या टाकीपर्यंत फिरवून आणायचे. काय सुखाचे दिवस होते ते! रिटायर झाल्यावर क्वार्टर परत करावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; मनावर मात्र कोणी घेत नाही. त्या साऱ्या मेलांत एकच विनवणी होती: घर सोडायच्या आधी एकदा येऊन जा. आता चावी देऊन पंधरवडा झाला होता, नवरा-बायको कुरुदच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले होते.

तळाची पत्रं वाचून प्रफुल मिळेल त्या विमानानं आला. बॅग टेकवली, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, चला."

"कावून उगाच जीवाले त्रास करून घेतं रे?" म्हणत नरहरींनीच आधी चपला घातल्या.

दोघं जुन्या क्वार्टरसमोर उभे राहिले. अंगणात कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. आतून एक तरुण बाई बाहेर आली.

"किससे मिलना है, अंकल?"

नरहरींनी प्रफुलचा हात धरला.

"किसी से नहीं, बेटी. रास्ता भूल गए."