दातांत धरलेला दोरा

"नुसती मान हलवा, ह्वेझूवहिनी. होय की नाही, एवढंच," नवऱ्यामुलाची आत्या म्हणाली.

ह्वेझूच्या दातांत दोऱ्याचं टोक होतं. बाकीच्या दोऱ्याचा पीळ दोन्ही हातांच्या बोटांत ताणलेला, आणि पुढ्यात स्टुलावर पेईरोंग, डोळे मिटून, पांढऱ्या भुकटीनं माखलेला चेहरा वर करून बसलेली. उद्या तिचं लग्न. आदल्या दिवशी नवरीच्या कपाळावरची, गालांवरची कोवळी लव दोऱ्यानं काढायची. त्याला तोंड उघडणं म्हणत. डावी बाजू झाली होती. उजवी अजून पोरीचीच होती.

हे काम भरल्या संसाराच्या बाईनंच करायचं. किनाऱ्यावरच्या या गावातल्या निम्म्या बायकांची तोंडं ह्वेझूनं उघडली होती. पण शरदातल्या वादळात तिचा नवरा ज्या बोटीवर होता ती बोट गेली, ती गेलीच. ना फळी सापडली, ना माणूस. बोटीवरच्या इतरांच्या बायकांनी एकेक करून अंबाड्यात विधवेचं, लोकरीचं पांढरं फूल खोवलं. ह्वेझूच्या अंबाड्यात मात्र हाडाच्या आकड्याशेजारी सवाष्णीचं लाल फूल तसंच होतं. गाव बघत होतं, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्यासाठी परगावची आत्या यावी लागली.

तिचंही चूक नव्हतं म्हणा. तिचा भाचा, म्हणजे नवरामुलगा, तोही अशाच एका बोटीवर कामाला होता.

नवरीची आई शूयिन मध्ये पडली. आधी काम होऊ द्या, मग चहा घेऊ, असं काहीबाही म्हणाली. आत्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"लाल फूल काय, बाजारात ढिगानं मिळतं," ती ह्वेझूला म्हणाली. "नवरा आहे का, ते सांगा."

मान हलवणं सोपं होतं. तोंडात दोरा असलेल्या बाईला शब्दात कोण धरणार? रोज सकाळी फूल खोवताना ती आरशाला होयच म्हणत होती. पण उद्या लग्न आरशाचं नव्हतं.

तिनं दात सोडले. पीळ सुटला. दोरा पेईरोंगच्या मांडीवर पडला.

"मला माहीत नाही," ह्वेझू म्हणाली.

इतक्या महिन्यांत हे ती कुणापाशीच बोलली नव्हती.

आत्या उठली आणि दुसरी बाई बोलवा म्हणाली. शूयिनचा चेहरा उतरला. एका हातानं सुरू केलेलं तोंड दुसऱ्या हातात गेलं, तर नवरीचं मन दोन घरांत राहतं, हेही याच गावचं शास्त्र. दोन शास्त्रं समोरासमोर उभी राहिली आणि जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली.

पेईरोंगनं डोळे मिटलेलेच ठेवले. "आत्याबाई, अर्ध्या तोंडाची सून चालेल का? पाहुणे आले की मला भिंतीशी बसवा, डावा गाल बाहेर करून."

कुणीतरी खुदकन हसलं. आत्या हसली नाही, पण खाली बसली.

"तोंड होऊ दे," ती म्हणाली. "आशीर्वाद मात्र हिच्या जिभेवरून नको."

ह्वेझूनं नवा दोरा घेतला. उजवा गाल, भुवईची कड, हनुवटी. दोऱ्याची करकर तेवढी ऐकू येत होती. काम संपल्यावर ती बाजूला झाली आणि तिनं शूयिनला पुढे केलं. शूयिनला आशीर्वादाचे बोल येत नव्हते. ते ह्वेझूनं म्हणायचे अशीच गावाची सवय. मग ह्वेझू तिच्या पाठीशी उभी राहून पुटपुटू लागली आणि शूयिन मोठ्यानं म्हणू लागली. कपाळ उजळलं, घर उजळो. गाल उजळले, लेकरं हसोत.

शेवटची ओळ राहिली. शूयिन थांबली. मागून आवाज येईना. तिनं वळून पाहिलं, तर ह्वेझूचे ओठ नुसते हलत होते.

शेवटची ओळ आत्याच्या गावातही तीच होती. कुणाकडेही न बघता, हळू आवाजात आत्यानंच ती म्हटली.

"धन्याची दाढी पांढरी झालेली तुझ्या डोळ्यांनी बघ."

ह्वेझू खाली वाकली होती. पेईरोंगच्या मानेवर सांडलेली भुकटी ती ओल्या फडक्यानं पुसत होती. सगळी निघाली तरी पुसत होती.