तीन पिशव्यांत गुंडाळलेला पोळपाट

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पोळपाट आहे. माझा एक पाय आखूड आहे आणि स्वभाव तिरसट. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझी मालकीण कस्तुरी बंगळुरूच्या बनशंकरीत राहते. पुरणपोळ्या लाटून ती स्वतःचं आणि लेकीचं, रक्षिताचं, पोट भरते. बसवनगुडीतल्या मराठी मंडळात गौरीचं जेवण असलं, की तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सोयराबाई अक्का हक्काने फोन करायच्या, "कस्तुरी, पोळपाट घेऊन ये गं! इथली पुरणपोळी, ती होळिगे, थापलेली असते, आम्हाला लाटलेलीच हवी." मग काय थाट माझा! मंडळातले यशोवर्धन अण्णा तर "स्वल्प तूप वाढा" म्हणत पोळीवर पोळी मागायचे.

कस्तुरीला एचआयव्ही आहे. तेव्हाही होता. रोज गोळी घेते आणि धडधाकट आहे. कुणाकडून आला, असं विचारू नका. ताप आलेल्याला विचारता का?

गेल्या वर्षी दवाखान्यात त्या गोळ्यांच्या रांगेत मंडळातल्या कुणीतरी तिला पाहिलं. झालं! गौरीच्या तयारीसाठी मी आदल्या दिवशीच मंडळात पोचलो होतो. सोयराबाईंनी मला फडक्याने उचललं, तीन पिशव्यांत गुंडाळलं आणि ऑटोने परत पाठवलं. सोबत निरोप, "यंदा तू येऊ नकोस." अहो, इतकी वर्षं खाल्लंत, काय झालं तुम्हाला? जेवणातून, हात लागून हा होत नाही, हे शाळेतली पोरंही सांगतील. कस्तुरी माझ्यावर हात फिरवत रडली. असा संताप आला मला!

आणि निर्लज्जपणा ऐका. गौरीच्या दिवशी सकाळीच सोयराबाईंचा फोन. "कस्तुरी, पुरण सैल झालंय गं, पोळी फुटतेय. काय करू?"

मला वाटलं, ही आता फोन आपटणार. तिने डोळे पुसले. "सांगून नाही जमायचं, अक्का. इथे या. माझ्या शेजारी बसा, माझ्याच पोळपाटावर लाटा. शिकवते."

"सरी, ठीक आहे, बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कस्तुरीने पुरण शिजवलं, आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला. पोळ्या लाटता लाटता ती दाराकडे बघत राहिली. कुणी आलं नाही. संध्याकाळी रक्षिताने तो पाट उचलून ठेवला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं सांगायला मी आलेलो नाही. मला धुतलं, पुसलं, की पुरतं. तिच्या शेजारी येऊन बसा. गौर जवळ आली आहे आणि कस्तुरीने तो दुसरा पाट कालच धुऊन उन्हात ठेवला आहे.